साथ आली की सरकारने आधी काय करावं? (१८९७ चं पुणे ते आजचं गाव)

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या जीबीएस या आजाराचे रुग्ण भराभर वाढले. धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी ही समाविष्ट गावं त्या वेळी रोज बातम्यांत होती. संशय पाण्यावर होता. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी विचारलं, "आमच्याकडे दोघांना जुलाब झालेत. पालिकेला कळवलं तर टँकर बंद करतील का?"

बाई शिकलेल्या, घरात लहान मूल, आणि नळाला पाणी नाही. त्यांची भीती अगदी खरी होती. पण असा विचार शंभर घरांनी केला तर आरोग्य खात्याला साथ दिसणारच नाही, आणि दिसेल तेव्हा माणसं अतिदक्षता विभागात पोचलेली असतील. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय की औषधं, लशी, खाटा यांच्याही आधी सरकारला लागते ती लोकांनी आपण होऊन दिलेली खबर. सरकारने काढलेल्या प्रत्येक हुकुमाला एकच प्रश्न विचारावा: याने आजारी माणूस पुढे येईल की लपेल?

याचं सर्वांत कडू उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून रँड आला आणि घरझडतीसाठी गोरे सोजीर, म्हणजे इंग्रज सैनिक, उतरवले गेले. गल्लीची नाकेबंदी करायची, घराघरात शिरायचं, माजघर, देवघर, माळा काही सोडायचं नाही. काखेत नि जांघेत गाठ आहे का हे पाहायला बायामाणसांनाही बाहेर काढायचं. रोगी सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात, घरच्यांना शहराबाहेरच्या छावणीत, आणि अंथरूण-पांघरूण जाळून टाकायचं. तपासणारा परका, त्याची भाषा कळत नाही, नेलेलं माणूस परत येईल याची खात्री नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. लोक आजाऱ्याला माळ्यावर लपवू लागले, मयत गुपचूप उरकू लागले, आणि ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. जाताना काही जण रोग घेऊनही गेले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच्यासोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. हा इतिहास आपण शाळेत क्रांतिकारकांच्या धड्यात शिकतो आणि ते योग्यच आहे. पण आरोग्य प्रशासनाच्या अभ्यासक्रमातही तो पहिल्या पानावर असायला हवा.

१८९७ च्या मार्च महिन्यात, त्याच पुण्यात दुसरं काय चाललं होतं पाहा. डॉ. यशवंतराव फुल्यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता आणि सावित्रीबाई वस्त्यांमध्ये जाऊन रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. टिळकांनीही पुणं सोडलं नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. तिथे लोक आपल्या पायांनी जात. रोग तोच, अलगीकरणही होतंच; पण नेणारा हात ओळखीचा होता.

तुमच्या गावातले, कामातले, वाचनातले अनुभव लिहा. हिवताप, डेंगी, गॅस्ट्रो, करोना, काहीही चालेल.

बार्देसकार

धागा आवडला. मांडवीतला तो पहिला रुग्ण ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस आमच्या गोव्यातल्या, बार्देशातल्या हडफड्याचे. तेव्हा मुंबईत प्लेग आहे असं म्हणणं सोपं नव्हतं. मुंबई म्हणजे बंदर, गिरण्या, कापूस. प्लेगचं नाव घेतलं की परदेशी बंदरं आपल्या बोटींना दार लावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी २३ सप्टेंबर १८९६ ला निदान जाहीर केलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, शेजारून रोज हजारो लोक जातात.

मुठाकाठ, तुम्ही लोकांच्या लपवण्याबद्दल लिहिलंत. सरकारं स्वतः लपवतात त्याचं काय? व्यापार बुडेल म्हणून "ताप आहे, साथ नाही" असं सांगणारं सरकार लोकांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?

दक्षिणमुखी

थोडा वेगळा सूर लावतो. सक्ती नको म्हणणं घरी बसून सोपं आहे. १८९७ मध्ये औषध नव्हतं. पिसवांमार्फत उंदरांचा प्लेग माणसाला होतो हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखवलं १८९८ मध्ये. संशोधक हाफकिनची प्लेगवरची लस नुकती तयार झाली होती, १० जानेवारी १८९७ ला त्याने ती स्वतःलाच टोचून घेतली होती. म्हणजे रँडच्या हातात अलगीकरण सोडून होतं काय? आणि घरं रिकामी केल्याने लोक उंदरांपासून दूर गेले, त्याचा फायदाच झाला असणार.

दुसरं, संसर्गजन्य रोगात माझं स्वातंत्र्य तुमच्या जिवावर बेततं. करोनाच्या पहिल्या महिन्यांत परदेशातून आलेले, हातावर शिक्का मारलेले लोक रेल्वेने प्रवास करताना सापडले होते. त्यांना काय विनंतीपत्र पाठवायचं? सरकारकडे दंडाचा अधिकार हवाच.

मुठाकाठ

दक्षिणमुखी, अधिकार हवा हे मला मान्यच आहे. शिक्का मारलेला माणूस गाडीतून उतरवलाच पाहिजे. माझा मुद्दा सरकारने सुरुवात कुठून करावी याचा आहे. आणि पुण्यानंतर काय झालं तेही पाहा. मार्च १८९८ मध्ये मुंबईत रोगी तपासण्यावरून दंगल उसळली. त्यानंतर सरकार हळूहळू मागे आलं. लष्करी झडत्या थांबल्या, जातवार नि खासगी इस्पितळांना मुभा मिळाली, लस ऐच्छिक राहिली. हे शहाणपण इंग्रजांना दयेपोटी सुचलं नाही. झडत्यांनी साथ थांबत नाही, उलट दंगे होतात, हे त्यांना दिसलं. पुढच्या दोन-तीन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पहिल्याच वर्षी लोकांचा विश्वास गमावला नसता तर लस किती लवकर पसरली असती, हा विचार मनातून जात नाही.

बार्देसकार, तुमच्या प्रश्नाशी पूर्ण सहमत. खबर दोन्ही बाजूंनी वाहायला हवी.

तापीकाठ

मी नंदुरबारचा. १९९४ चं सुरत आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा इथे आमचा अर्धा खान्देश राहतो, लूम नि डाइंगमध्ये कामाला. सप्टेंबरच्या १९-२० तारखेला वेड रोड भागातून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून निघाली. सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्यांना माणसं लोंबकळत होती. माझा मोठा भाऊ त्यातच होता. तो सांगतो की खोलीच्या आसपासचे खासगी दवाखाने बंद, औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिन संपलेलं, आणि अधिकृत माणूस काय म्हणतो ते सांगणारं कुणी नाही. एकाने सांगितलं पाण्यात विष आहे, दुसऱ्याने सांगितलं शहराला लष्कर वेढा घालणार. वेढ्याची अफवा ऐकली आणि तो निघाला. रोगापेक्षा कोंडून घेतलं जाण्याची भीती मोठी ठरली.

मुठाकाठांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू होतो. प्लेगवर तेव्हा औषध होतं, साधं नि स्वस्त, आणि वेळेत घेतलं तर हमखास चालणारं. सरकारला फक्त एवढं पटवायचं होतं की इथेच थांबा, गोळी तुमच्या दारात येईल. ते पटवणारा आवाज पहिल्या ४८ तासांत नव्हता. मृत्यू देशभरात मिळून पन्नासच्या आसपास झाले. पण विमानं रद्द झाली, निर्यात अडली, जगभरात भारताच्या मालाकडे संशयाने पाहिलं गेलं. त्याच्या थोडं आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता, हेही महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हवं.

आता चांगली गोष्ट. १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतेत आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले, झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे नि निर्णयाचे अधिकार दिले, आणि सकाळभर सगळ्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावर असायचं हा नेम घालून दिला. कचरा, गटार, अतिक्रमण, हॉटेलांची स्वयंपाकघरं, सगळीकडे हात घातला. श्रीमंतांचीही बांधकामं पाडली, म्हणून गरिबांचा विश्वास बसला. दीड-दोन वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. भाऊ परत गेला तो कायमचा. त्याच्या गल्लीत आज रोज झाडू लागतो.

हिरवंकार्ड

मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, पश्चिम महाराष्ट्रात. वर सगळं मोठ्या शहरांचं चाललंय, म्हणून गावाकडचं सांगते.

आमच्याकडे साथ म्हणजे बहुतेक वेळा पाणी. पावसाळ्यात पहिल्या नव्या पाण्याला गॅस्ट्रो. एका गावात आशाताईचा फोन आला की तीन घरांत जुलाब-उलट्या आहेत. मी गेले तर एका घरात बाहेर मांडव. लग्नघर. दारात विचारलं तर "छे, आमच्यात कुणी आजारी नाही." पण मोरीत ओआरएसची फाडलेली पाकिटं पडलेली दिसत होती. बायका काही बोलेनात, कारण गावात बोभाटा झाला असता की यांच्या जेवणावळीतून लागण झाली. मग मी जेवणाचं नावच काढलं नाही. म्हटलं, "काकू, मला फक्त एवढं सांगा, तुम्ही पाणी कुठल्या नळाचं भरता?" तेव्हा आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, "खालच्या आळीच्या." आणि मग दोन आजारी माणसं दाखवली.

बाकीची दोन्ही घरंही त्याच लाइनवरची निघाली. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला घेऊन आम्ही लाइन चालत गेलो. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला आणि व्हॉल्व्ह गळका. पाणी दिवसातून एकदाच सुटतं; बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि खड्ड्यातली घाण आत ओढली जाते. पाण्यात क्लोरीन आहे का हे रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट टाकीपाशी घेतली तर छान पिवळी, शेवटच्या नळाला घेतली तर पाणी पांढरंच. म्हणजे क्लोरीन तिथवर पोचतच नव्हता. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची गोणीही उघडी ठेवलेली, तिचा दम निघून गेलेला. त्या दिवशी घरोघर मेडिक्लोरच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाच्या बाटल्या दिल्या, व्हॉल्व्ह बदलेपर्यंत ती लाइन बंद ठेवली आणि पंचायतीने टँकर लावला. कुणी दगावलं नाही.

मुठाकाठ, तुमच्या सोसायटीतल्या ताईंना सांगायचं ते हेच. लाइन बंद केली तर त्याच दिवशी दुसरं पाणी दारात आलं पाहिजे. ते येतं असा अनुभव एकदा आला की लोक स्वतःहून फोन करतात. त्या गावातून पुढच्या पावसाळ्यात मला पहिला फोन त्याच लग्नघरातून आला.

माझं नाव का असं विचाराल म्हणून सांगते. पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं मध्यम, हिरवं कमी. कार्ड चांगलं राहावं म्हणून रुग्ण कमी दाखवा असा दबाव आमच्यावर येतो, हेही इथे लिहून ठेवते. जास्त रुग्ण नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याला बैठकीत उभं करून झापतात. मग पुढच्या वेळी तो नोंदवेल का?

सांजवारा

ताई, _/\_ शेवटचा परिच्छेद सगळ्या जिल्हा परिषदांमध्ये वाचून दाखवला पाहिजे.

मीनल_सिंगापूर

हिरवंकार्ड ताईंनी "दुसरं पाणी दारात आलं पाहिजे" म्हटलं, त्यावरून २००३ चा सार्स आठवला. तेव्हा आम्ही नुकतेच इथे आलो होतो. इथलं सरकार कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते कडक होतंच. घरी अलगीकरणाचा हुकूम मोडला तर शिक्षा होती, घरात कॅमेरे बसवून लोक घरी आहेत का पाहत. पण त्याच हुकुमासोबत भत्त्याची योजना होती. स्वतःचा धंदा करणारे, छोटे दुकानदार यांना बुडालेल्या कमाईपोटी पैसे मिळायचे. सार्सचे सगळे रुग्ण एकाच ठरलेल्या रुग्णालयात हलवले, त्यामुळे बाकीच्या दवाखान्यांत जायला लोक घाबरेनासे झाले. एकूण २३८ रुग्ण, ३३ मृत्यू, आणि साथ आटोक्यात.

दक्षिणमुखी म्हणतात तसा दंड होता. पण घरी बसल्याने चूल विझणार नाही याची हमीही होती. भारतात २०२० च्या मार्चमध्ये चार तासांच्या मुदतीवर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ही हमी नव्हती. म्हणून माणसं चालत निघाली.

जुनापोस्टमन

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, पण हे लिहायलाच हवं. १९७४-७५ च्या सुमारास खेड्यापाड्यांच्या भिंतींवर गेरूने रंगवलेलं असे: "देवीचा रोगी कळवा, १००० रुपये मिळवा." तेव्हा हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! बक्षीस सुरुवातीला थोडं होतं, रोग जसजसा कमी झाला तसं ते वाढवत नेलं. कारण शेवटचे रोगी शोधणं सर्वांत अवघड. शोधपथकं घरोघर जात, हातात देवी आलेल्या मुलाच्या चित्राचं कार्ड, आणि विचारत की असं कुणी पाहिलंय का. रोगी सापडला की त्याच्या दारावर पहारेकरी बसे, आसपासच्या सगळ्यांना टोचत. १९७५ च्या मे महिन्यात आसामात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. १८९७ मध्ये रोगी लपवला तर शिक्षा होती, १९७५ मध्ये दाखवला तर बक्षीस. मुठाकाठ, तुमच्या धाग्याला हे जोडून घ्या.

दक्षिणमुखी

पोस्टमनकाका, उत्तम आठवण. पण चित्र पुरं व्हावं म्हणून सांगतो, देवीच्या मोहिमेत शेवटी शेवटी जबरदस्तीने टोचण्याचे प्रकारही झाले, रात्री दारं ठोठावून. बक्षीस आणि बळ दोन्ही होतं. मीनलताईंच्या सिंगापूरमध्येही दोन्ही होतं. माझं म्हणणं तेवढंच आहे.

नवव्या_मजल्यावरून

धारावीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तेव्हा माहीममध्ये राहत होते, म्हणजे धारावी ज्यात येते त्या पालिकेच्या जी उत्तर वॉर्डातच. १ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आता संपलं. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासची जागा, आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे "घरी राहा, अंतर पाळा" याला काही अर्थच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं कुठे अंतर पाळणार?

पालिकेने तिथे वाट बदलली. रुग्ण यायची वाट न पाहता तापाची तपासणी गल्लीत नेली, आणि ती नेताना तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून खोकल्याचं औषध नेलं तोच डॉक्टर किट घालून दारात उभा, म्हणून लोकांनी दार उघडलं. शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल ताब्यात घेऊन अलगीकरणाची सोय केली, तिथे जेवण, डॉक्टर सगळं. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली जात. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

त्याच मुंबईत इमारती पत्रे ठोकून सील केल्या आणि दारावर रुग्णांच्या नावाच्या पाट्या लावल्या गेल्या, तिथे लोक चाचणीच टाळू लागले. आमच्याच इमारतीत एका कुटुंबाने खोकला लपवला, कारण शेजारच्या इमारतीत एका कुटुंबाला लिफ्ट वापरू दिली नव्हती. इथे दोष सरकारपेक्षा आपल्या सोसायट्यांचा जास्त होता, हेही म्हणायला हवं.

कलमबहाद्दर

कायद्याबद्दल थोडं. १८९७ च्या कायद्यात मुळात कलमं चार. दुसऱ्याने सरकारला जे आवश्यक वाटतील ते नियम काढायचे अधिकार दिले, तिसऱ्याने ते मोडणाऱ्याला भादंविच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम १८८ खाली शिक्षा, आणि चौथ्याने सद्भावनेने काम करणाऱ्याला संरक्षण. बस. "घातक साथरोग" म्हणजे काय याची व्याख्या नाही. अलग ठेवलेल्याला काय मिळणार, किती दिवस ठेवता येईल, तक्रार कुठे करायची, घर जाळलं तर भरपाई कोण देणार, यावर अवाक्षर नाही. पुण्यात २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये आणि २०२० मध्ये महाराष्ट्रभर हाच कायदा लागू केला गेला. २०२० ची दुरुस्ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी. ती गरजेची होती, पण तीही शिक्षेचीच. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८६ वा अहवाल देऊन हा कायदा अपुरा असल्याचं सांगितलं आहे.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दक्षिणमुखी, तुमच्यामुळे चर्चा टोकदार झाली. बक्षीस आणि बळ दोन्ही लागतं हे कबूल. पण सिंगापूर काय, देवीची मोहीम काय, दोन्हीकडे सरकार हातात काहीतरी घेऊन दारात गेलं होतं.

कलमबहाद्दर, नवा कायदा येईल तेव्हा त्यात दोन गोष्टी नावानिशी असाव्यात असं मला वाटतं. ज्याला अलग ठेवाल त्याच्या अन्नाची, औषधाची आणि बुडालेल्या रोजाची जबाबदारी सरकारवर. आणि हिरवंकार्ड ताईंनी लिहिलं तसं, रुग्ण जास्त नोंदवले म्हणून कुठल्याही आशाताईला, सिस्टरला, डॉक्टरला झापता येणार नाही. दुसरी गोष्ट तर कायदा यायची वाट न बघता जिल्हा परिषदेच्या साध्या परिपत्रकानेही होऊ शकते. असं परिपत्रक कुठल्या जिल्ह्यात निघालं असेल तर इथे टाका. मी आमच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना ते नेऊन देतो. टँकरचा प्रश्नही त्यांच्यासमोर मांडायचा आहे. त्या ताईही सोबत येणार आहेत.